तांब्यावरचा काळोख

भिंग लावून पाहिले, तर या चित्रात काळोख सापडतच नाही. सापडते ती शाईची बारीक जाळी, वाळलेल्या तळ्याच्या तळाला भेगा पडाव्यात तशी, आणि त्या जाळीच्या घरांत अडकलेले कागदाचे पांढरे कण. भिंग बाजूला करून दोन पावले मागे सरकले की जाळी मिटते, कण विरघळतात आणि वेरूळच्या विश्वकर्मा लेण्यातला खांबांमागचा अंधार कागदावर दाटून येतो. पुण्यातल्या एका जुन्या संग्राहकाच्या घरी, खिडकीच्या उजेडात, मी हे मागेपुढे किती वेळ करत होतो कोण जाणे. यजमानांनी माझ्यासाठी चहा दोनदा गरम केला, एवढे आठवते.

हे छापचित्र १८०३ सालचे. थॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराने वेरूळच्या डोंगराची चोवीस दृश्ये ॲक्वाटिंट पद्धतीने छापून लंडनला प्रसिद्ध केली, त्या संचातले. चित्रे जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केली आहेत, असे त्याच्या शीर्षपृष्ठावरच छापलेले आहे. वेल्स पुण्यात राहिलेला चित्रकार. म्हणजे लंडनच्या छापखान्यात ओल्या कागदावर उमटलेल्या या काळोखाचे एक मूळ वेरूळला असले, तरी दुसरे पुण्यात आहे, संगमावरच्या रेसिडेन्सीत आणि शनिवारवाड्यात. त्याकडे वळण्याआधी चित्रच नीट पाहू.

समोर स्तूप, आणि स्तूपाच्या दर्शनी अंगाला पाय खाली सोडून बसलेला बुद्ध. दोन्ही हातांना खांबांच्या रांगा. वर छत, आणि छताला उलट्या घातलेल्या होडीच्या आतल्या फासळ्यांसारख्या दगडी कमानी. वेरूळला गेलेल्या कोणालाही हे दहा क्रमांकाचे लेणे ओळखू येईल. साधारण सातव्या-आठव्या शतकातले हे चैत्यगृह, त्यात २८ अष्टकोनी खांब. त्या फासळ्या काहीही तोलून धरत नाहीत. छत अखंड खडकाचे आहे, त्याला वाशांची गरज नाही. पण ज्यांनी हे खोदले, त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्यगृहे होती, आणि लाकडात वासा जिथे यायचा तिथे त्यांनी दगडातही वासा काढला. म्हणून या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, आणि सुतार मंडळी या बुद्धालाच विश्वकर्मा मानून हात जोडत आली. दगडाने लाकडाची आठवण ठेवली, आणि त्या आठवणीची आठवण शाईने ठेवली. इतक्या वेळा हात बदलूनही या छताखाली उभे राहिल्यावर होणारी मान वर करण्याची ओढ चित्रात टिकून आहे, आणि मला हे चित्र मोठे वाटते ते याच कारणाने.

ती ओढ टिकली कशी, हे समजून घ्यायला पत्र्याशी काय केले जाते ते पाहावे लागते. ॲक्वाटिंटमध्ये तांब्याच्या घासूनपुसून आरशासारख्या केलेल्या पत्र्यावर राळेची वस्त्रगाळ पूड बसवतात. पत्रा खालून तापवला की राळेचा प्रत्येक कण वितळून जागच्या जागी चिकटतो. मग पत्रा आम्लात बुडवायचा. कणाखालचे तांबे वाचते, कणांच्या मधले तांबे आम्ल खाते. खाल्लेल्या त्या खाचांत पुढे शाई बसते, वरचा पत्रा मलमलीने पुसून काढतात, ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबाने फिरवतात, आणि खाचांतली शाई कागद ओढून घेतो. भिंगातून दिसलेली जाळी ती हीच.

आता यातला खरा बारकावा. चित्रात जे सगळ्यांत उजळ राहायचे, बुद्धाच्या गुडघ्यावरचा प्रकाश म्हणा, ते आम्लात जाण्याआधीच रोगणाने झाकून टाकायचे. मग पहिली बुडी, थोड्या वेळाची. पत्रा बाहेर काढून धुवायचा, आणि त्याहून एक छटा गडद जे हवे ते झाकायचे. पुन्हा बुडी. पुन्हा झाकणे. सगळ्यांत शेवटी उघडे उरते ते खांबांच्या मागचे पाखे, जिथे काहीच दिसायला नको. तो भाग सगळ्या बुड्या खातो. पत्र्यावरचा सर्वांत खोल काळोख म्हणजे आम्लात सर्वांत जास्त वेळ राहिलेली जागा. करणाऱ्याला तिथे रंग भरावा लागत नाही. तिथे त्याने फक्त थांबायचे असते.

आणि लेण्यात शिरल्यावर आपले काय होते? वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपार कलल्यावर ऊन आत येते, सकाळी मात्र बाहेरच्या अंगणाचा परतलेला उजेडच काय तो. सकाळच्या वेळी बाहेरून एकदम आत आलो, तर पहिल्या क्षणी काही दिसत नाही. मग जवळच्या खांबाची एक धार दिसते. मग बुद्धाचे गुडघे, मग हात. चेहरा नंतर. छताच्या फासळ्या एकेक करून मागे मागे उमलत जातात, आणि पाख्यांचा शेवट डोळा पूर्ण सरावल्यावरही अंदाजानेच कळतो. हाच क्रम पत्र्यावर आहे. जे आधी झाकले ते आधी दिसते, जे शेवटपर्यंत उघडे राहिले ते शेवटी दिसते. छायाचित्रात हे होत नाही, कारण ते एका क्षणात उमटते आणि उमटल्याचे लपवत नाही. ॲक्वाटिंटमध्ये लेण्यात घालवलेला वेळ पत्र्याच्या खोलीत उतरलेला असतो. वास्तूच्या रूपाची नक्कल पुष्कळ चित्रकार करतात. आत शिरल्यावर डोळ्याला लागणारा वेळ ज्या थोड्यांना साधला, त्यांत मी या संचाला धरतो.

आता पुण्याकडे.

१७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी. माणूस राजकारणी, पण लेण्यांचे वेड खरे होते. त्याच्या पदरी पुण्याचाच एक चित्रकार होता, गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे गंगारामने १७९० च्या नोव्हेंबरात काढलेले चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहे. मला या गेंड्याविषयी विशेष प्रेम आहे. त्याच्या कातडीच्या पट्ट्या गंगारामने अशा निगुतीने पाहिल्या आहेत की जनावराआधी बांधकाम डोळ्यांत भरते: कुठे घडी पडते, कुठे एक पट्टी दुसरीवर चढते, भार कुठून कुठे जातो. पुढे ज्याला लेण्यांचे खांब आणि तुळया काढायच्या होत्या, त्याचा डोळा त्या गेंड्यावरच तयार झालेला दिसतो. आणि वेल्स अजून हिंदुस्थानात पोचलेलाही नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण गंगारामला गोऱ्या गुरूने घडवले अशी गोष्ट ऐकू येते. गुरूकडून तो शिकला असेल, पण हात आधीच त्याचा होता.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ त मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याला आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची आज आपल्याला ठाऊक असलेली रूपे बऱ्याच अंशी त्याच्या कुंचल्याची. शनिवारवाड्यात त्याच्या देखरेखीखाली चित्रकलेची शाळा चालल्याची हकिकत द. ब. पारसनीसांनी पुण्याच्या जुन्या दिवसांवरच्या आपल्या पुस्तकात दिली आहे, आणि तिथल्या शिष्यांत गंगाराम हा वरचा. मॅलेटसाठी वेरूळला जाऊन गंगारामने लेणी काढली. वेल्सही पुढे गेला. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले, आणि पुढच्याच महिन्यात साष्टीच्या लेण्यांत काम करता करता आजारी पडून वेल्स गेला. त्याच्या वह्या मॅलेटकडे आल्या. मॅलेटने वेल्सच्या मुलीशी लग्न केले होते, तेव्हा सासऱ्याचे काम छापून यावे ही त्याची घरची जबाबदारीही झाली. हिंदुस्थान फिरून आलेल्या डॅनिएलकडे ती रेखाटने गेली, ती अशी.

डॅनिएल स्वतः वेरूळला कधी गेला नव्हता. मुंबईला असताना वेल्सबरोबर त्याने घारापुरी, कान्हेरी, कार्ले पाहिले होते. म्हणजे लेण्यातला अंधार त्याला ठाऊक होता, पण हा विशिष्ट अंधार नाही. विश्वकर्मा लेण्यात पाऊल टाकल्यावर काय होते, हे त्याने कार्ल्याच्या आठवणीवरून अदमासले असणार. कार्ल्याला छताला खरेखुरे सागवानी वासे आहेत, दोन हजार वर्षांचे. ते ज्याने पाहिले, त्याला वेरूळच्या दगडी फासळ्यांचे मर्म रेखाटनावरूनही कळले असेल, असे मला वाटते.

शीर्षपृष्ठावर नाव मात्र वेल्सचे आणि डॅनिएलचे. गंगारामचे नाही. हे मला दर वेळी सलते, आणि दर वेळी माझी नजर त्याच्या आडनावाकडे जाते. तांबट. कसबा पेठेतली तांबट आळी आजही आहे. पेशव्यांनी वसवलेल्या या कारागिरांचे ठोके भर दुपारी आळीच्या तोंडापासूनच ऐकू येतात. तांब्याचे भांडे आकाराला आले की त्यावर मठार काम करतात: लोखंडी टेकूवर भांडे फिरवत हातोडीचा एक ठोका दुसऱ्याला लागून, ओळीने, न चुकता. त्याने पत्रा कणखर होतो आणि अंगभर बारीक खळगे उमटतात. प्रत्येक खळगा उजेडाचा एक थेंब धरतो. घंगाळ झळाळते ते या खळग्यांनी. तेच तांबे, त्यावर तसेच अगणित खळगे, पण आम्लाने पाडलेले. ते उजेडाऐवजी शाई धरतात. ज्या समाजाचा जन्म तांब्यावर खुणा उमटवण्यात गेला, त्यातला एक माणूस लेणी कागदावर उतरवतो, आणि ते काम सातासमुद्रापलीकडे तांब्यावरच जाऊन थांबते. गंगारामने तो पत्रा पाहिला नाही. पाहिला असता तर त्याला त्यात परके काही वाटले नसते, अशी माझी खात्री आहे.

संचातली इतर चित्रे सगळीच या उंचीची नाहीत. डोंगराची लांबवरची दृश्ये मला सपक वाटतात. तिथे त्या काळच्या इंग्रजी निसर्गचित्राची सवय वरचढ होते, झाड एका अंगाला, ढग दुसऱ्या, आणि वेरूळचा काळा कातळ एखाद्या सभ्य टेकडीसारखा होऊन बसतो. माणसे घातली आहेत ती मापापुरती. खांबाच्या पायथ्याशी एखादा पागोटेवाला उभा केला की खांब किती उंच ते कळते. त्या पागोटेवाल्याला स्वतःचे काही काम नसते. नावे मात्र जपून ठेवण्याजोगी: इंद्रसभा, डुमार लेणे, दोन ताल, तीन ताल. त्यातले दोन ताल पाहताना मला थांबावे लागले. या लेण्याला तीन मजले आहेत, पण तळमजला मातीने बुजला होता आणि १८७६ त उकरल्यावर बाहेर आला. म्हणजे चित्रकार जिथे उभा राहिला ती जमीन खरी जमीन नव्हतीच, तो एक मजला वर उभा होता. नाव अजूनही दोन तालच चालते. अशा ठिकाणी छापचित्र वास्तूचा दाखला म्हणून काम करते, आणि चुकीसकट करते.

वास्तूचे छापचित्र म्हटले की युरोपात सगळ्यांच्या तोंडी पिरानेसीचे नाव येते. व्हेनिसकडचा हा माणूस शिक्षणाने वास्तुकार. १७५० च्या सुमारास त्याने कल्पनेतल्या तुरुंगांची चौदा अम्लरेखने केली, आणि १७६१ मध्ये तेच पत्रे पुन्हा घेऊन, आणखी काळे करून, दोन नवी भर घालून काढली. त्याचे जिने कुठेच पोचत नाहीत आणि पूल हवेत संपतात. मी त्या चित्रांचा मोठा चाहता आहे. पण पिरानेसीच्या तुरुंगात माणूस हरवतो, कारण तिथे माप नाही. विश्वकर्म्याच्या चित्रात माप आहे. कोणीतरी तिथे खरोखर बसून, वटवाघळांच्या वासात, खांब मोजले आहेत. तिथला अंधार भीती घालत नाही. डोळा सरावेपर्यंत थांबायला लावतो.

याच साखळीतले दुसरे छापचित्र पुण्याचे. पेशवाईवरच्या पुस्तकांत ते इतक्यांदा छापलेले आहे की आपण ते पाहणेच सोडून दिले आहे: शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल, मध्ये तरुण सवाई माधवराव, आणि टिपूविरुद्धच्या १७९० च्या तहाचा कागद घेऊन मॅलेट. वेल्सला ते मोठे तैलचित्र करायचे होते, ते त्याच्या मृत्यूने राहिले. त्याच्या आणि त्याचा सहायक रॉबर्ट मेबन याच्या टिपणांवरून डॅनिएलने १८०५ मध्ये ते पुरे केले. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यावरून चार्ल्स टर्नरने १८०७ मध्ये मेझोटिंट केले. हा टर्नर म्हणजे प्रसिद्ध निसर्गचित्रकार टर्नर नव्हे. नावापलीकडे नाते नाही, पण त्याच साली त्या टर्नरचीही चित्रे हाच माणूस तांब्यावर उतरवत होता.

मेझोटिंटची रीत ॲक्वाटिंटच्या नेमकी उलट. इथे पत्रा आधीच पूर्ण काळा करतात. अर्धगोल, दातेरी पात्याने तो आडवा, उभा, तिरका असा शेकडो वेळा उकरतात, इतका की त्यावर सगळीकडे तांब्याची बारीक कूस उभी राहते. अशा पत्र्याचा ठसा घेतला तर मखमलीसारखा नुसता काळा कागद मिळेल. मग कलावंत जिथे उजेड हवा तिथे ती कूस खरवडतो, घासून गुळगुळीत करतो. जितके खरवडावे तितका उजेड. अंधार आधीचा, उजेड काढून मिळवलेला.

हे लक्षात आल्यावर मला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहायची घाई झाली, आणि पाहिल्यावर जे दिसले ते मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. लेणे म्हणजे भरीव अंधार. वरून, समोरून तो फोडत फोडत पोकळी आणि उजेड आत नेलेला. खरे तर मेझोटिंटची रीत ती हीच, आणि तरी लेणे छापले गेले ॲक्वाटिंटमध्ये, उजेडाकडून अंधाराकडे जात. रंगमहाल मात्र बांधलेला. मोकळ्या उजेडात खांब उभे केले, त्यावर हस्त, हस्तावर तुळई, वर तक्तपोशी, आणि असे एकेक जोडत जाऊन आत सावली तयार केली. आणि तो छापला गेला मेझोटिंटमध्ये, अंधारातून खरवडून. दोन्हीकडे छापणाऱ्याची वाट बांधणाऱ्याच्या उलट निघाली. कोणी ठरवून केले नाही, पण परिणाम खोल झाला आहे. लेणे आपल्याला आत जाणाऱ्याच्या डोळ्यांनी दिसते. रंगमहाल दिसतो तो काळोखातून वर येत असल्यासारखा, एखादा खांब, एखादी महिरप, मागे गणपती, एकेक उजळत. जणू त्याला पुढचे ठाऊक होते.

पुढचे म्हणजे १८२८ ची फेब्रुवारी. शनिवारवाड्याला लागलेल्या आगीत आतले जवळजवळ सगळे लाकूडकाम गेले. ज्या वाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला, ज्याच्या कारागिरांत कोंडाजी सुतार आणि मोरारजी पाथरवट अशी नावे सांगतात, त्याचा दिल्ली दरवाजा, तट, बुरूज आणि जोती उरली. पाथरवटाचे राहिले, सुताराचे गेले. रंगमहालाच्या आत उभे राहणे आज शक्य आहे ते या चित्रातच.

आत उभे राहिल्यावर काय जाणवते? पहिली गोष्ट, जमीन. या दालनात खुर्ची नाही. सगळे बसलेले आहेत, मानकरी, कारकून, पाहुणे इंग्रजसुद्धा. वाड्याची सगळी मापे या बैठकीवरून ठरतात. माणूस मांडी घालून बसला की त्याचा डोळा जेमतेम अडीच फुटांवर येतो. तिथून पाहिले की बुटका खांब उंच होतो, महिरप आभाळासारखी वर राहते, आणि तक्तपोशी दूरची वाटते. ज्यांचे बालपण वाड्यात गेले आहे, त्यांना सोप्यावर बसून पाहिलेला चौक आणि पुढे मोठेपणी उभे राहून पाहिलेला चौक यातला फरक सांगायला नको. विश्रामबाग वाड्याच्या वरच्या दिवाणखान्यात, सुरूच्या आकाराच्या खांबांपाशी, मी एकदा कोणी नाही असे पाहून खाली बसलो होतो. दालन वीतभर नव्हे, हातभर वाढले.

चित्रात मात्र आपल्याला बसलेल्यांच्या रांगांमागे रांगा दिसतात, पागोट्यांच्या वरून. म्हणजे पाहणारा डोळा बसलेला नाही. भरलेल्या दरबारात, पेशव्यांसमोर, कोणीतरी उभे आहे आणि ते आपण आहोत. वेल्स त्या दरबाराच्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता, डॅनिएल पुण्यात नव्हता. जागा दोघांनी रचली आहे, आणि रचताना बैठकीची नजर त्यांच्या हातून सुटली. या चित्रातली माझ्या मते मोठी उणीव हीच: रंगमहाल जितका उंच वाटायला हवा होता तितका वाटत नाही. दालनाची लांबी आली, खोली आली, खांबांची लय फार सुरेख आली. उंची आली नाही. गंगारामला हे काम दिले असते तर? तो त्या जमिनीवर बसणाऱ्यांतला होता. मला हा प्रश्न सोडवत नाही.

तरीही मेझोटिंटचा काळा रंग या चित्राला असे काही देतो जे मूळ तैलचित्रात तितके नाही. वाड्याच्या आतला उजेड हा चौकातून आलेला, पडदे आणि महिरपींतून गाळलेला उजेड असतो. तो वस्तूवर पडत नाही, दालनात पसरून राहतो, आणि कोपऱ्यांत सावकाश संपतो. रेघेने कोरलेल्या चित्रात हे संपणे दाखवता येत नाही, रेघ एकदम तुटते. मेझोटिंटमध्ये कूस थोडी थोडी कमी करत नेता येते, आणि खांबाच्या मागे उजेड कुठे थांबला हे सांगता येत नाही. ही कूस नाजूक असते. ठसे घेता घेता ती दबते, आणि चांगले, गर्द ठसे सुरुवातीचे थोडेच निघतात. नंतरचे करडे, थकलेले. आपण पुस्तकांत पाहतो ती तर अशा ठशांच्या छायाचित्रांची छपाई. मूळचा एखादा आरंभीचा ठसा पाहायला मिळाला तर तो चुकवू नये.

झरीना हाश्मी यांचे एक अम्लरेखन यावेळी मला आठवत राहिले. अलीगढला जन्मलेल्या, जगभर राहिलेल्या या छापचित्रकर्तीने १९९४ मध्ये वडिलांच्या घराचा नकाशा तांब्याच्या पत्र्यावरून छापला. खांब नाहीत, उजेड नाही, माणसे नाहीत. भिंतींच्या रेघा आणि खोल्यांची उर्दू नावे, बस्स. त्यांना गणिताची आणि वास्तूची ओढ होती, आणि घर गेल्यावर मनात काय उरते हे त्यांना नेमके कळले होते: कुठून कुठे जायचे, एवढेच उरते. डॅनिएल-टर्नरचा रंगमहाल पाहून मी शनिवारवाड्यात गेलो, तेव्हा पायाखाली दिसले ते झरीनाबाईंचे चित्र. जोती, उंबऱ्यांच्या जागा, दोन खोल्यांमधली दगडी रेघ, कारंज्याचे सोळा पाकळ्यांचे रिकामे कमळ. पूर्ण मापाचा नकाशा, जमिनीत कोरलेला. पावसाळा होता, खाचांत पाणी साठले होते आणि वरचा दगड पुसून काढल्यासारखा कोरडा होत चालला होता, शाई भरून पुसलेल्या पत्र्यासारखा.

तिथे एका जोत्यावर मी छापचित्राची प्रत हातात घेऊन बसलो. आधी उभे राहून पाहिले, मग मांडी घालून. सहा वाजत आले तसा पहारेकऱ्याने शिटी वाजवायला सुरुवात केली.

परतताना कसबा पेठेतून तांबट आळीत शिरलो. भाचीला यंदा कला महाविद्यालयात छापचित्रण घ्यायचे आहे, तिला हातभर लांबीचा पत्रा हवा होता. एका दुकानात म्हातारे कारागीर घंगाळ फिरवत मठारत बसले होते. पत्रा मागितला, तसे त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“काय करायचंय, काका? ताट करून देऊ का?”

“नको. सपाटच हवा. मठारू नका.”

“अगदी सपाट?”

“अगदी. एकही ओरखडा नको.”

त्यांनी मागच्या खोलीतून एक पत्रा आणला, धोतराच्या सोग्याने पुसला, आणि दाराच्या उजेडात तिरपा धरून एका डोळ्याने त्याच्या पृष्ठावरून पाहिले. डाव्या कोपऱ्यात काहीतरी दिसले असावे. मान हलवली, तो पत्रा बाजूला ठेवला आणि दुसरा आणायला आत गेले.